पैसे आहेत, पण माल देत नाहीत!

मागच्या अंकात कोल्हापुरी चपलेवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात ‘भाव-बाजार’कडे आलेल्या पत्रांचा विषय एकच: महागडे ब्रँड. काही पत्रं जागेअभावी कापली आहेत, राग मानू नका. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी मुंबईत घड्याळांच्या शोरूममध्ये बरीच वर्षं काउंटरवर होते आणि नंतर विक्रीच्या मुलामुलींना शिकवायचं काम केलं. त्यामुळे माझी उत्तरं काउंटरच्या आतल्या बाजूची असतात.

ताई, भाच्याला लग्नात एक नामांकित स्विस घड्याळ द्यायचं ठरवलं. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, चेकबुक खिशात घेऊन गेलो. शोरूममधला मुलगा म्हणतो, “सर, नाव नोंदवून ठेवा, कळवू.” कधी, ते सांगत नाही. काचेत मांडलंय ते “फक्त दाखवायचं” म्हणे! पैसे असून माल न देणं हा कुठला धंदा?
— निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

काका, तुमचा ब्रँड कुठला ते विचारत नाही. “फक्त दाखवायचं” हे वाक्य हसतमुखाने कसं म्हणायचं, ते मीच कितीतरी मुलांना शिकवलंय.

तुमच्या पिढीला रांग नवी नाही. बजाजच्या चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर नंबर लवकर लागायचा, आणि ताब्यात आलेली स्कूटर कोऱ्या गाडीपेक्षा जास्त भावाने हातोहात खपायची. पण तेव्हा उत्पादनाचा आकडा सरकारी परवान्यात बांधलेला होता. परवाने सुटले, नव्या गाड्या आल्या आणि रांगेबरोबर रांगेचा रुबाबही गेला. महागड्या ब्रँडाची टंचाई त्याने स्वतः लावून घेतलेली असते आणि ती उठवायला त्याला कुणी भाग पाडू शकत नाही.

पॅरिसची एर्मेस बघा. १८३७ साली घोड्यांचा साज बनवणाऱ्याचं दुकान म्हणून सुरू झालेली ही पेढी. तिची ‘बर्किन’ बॅग १९८४ची. एक बॅग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर बनवतो. शिलाई खोगिराची: एकाच मेणलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि दोन्ही सुया समोरासमोरून एकाच भोकातून जायच्या. एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. शिलाई मशीनच्या टाक्याला ही ताकद नाही. एकेका कार्यशाळेत साधारण अडीचशे-तीनशे माणसं. मागणी दुप्पट झाली म्हणून असे हात रातोरात दुप्पट होत नाहीत, तेव्हा ही टंचाई निम्मी खरी आहे. उरलेली निम्मी, म्हणजे आलेली बॅग कुणाला द्यायची, हे दुकान ठरवतं. २०२४ साली कॅलिफोर्नियात काही ग्राहकांनी दावाच लावला, की बर्किन दाखवायच्या आधी आम्हाला बूट, स्कार्फ, दागिने घ्यायला लावतात. तो दावा कोर्टात टिकला नाही.

घड्याळांत तर आणखी गंमत. रोलेक्स आपले आकडे जाहीर करत नाही, पण जाणकारांचा अंदाज वर्षाला दहा लाखांच्या वर आहे. याला दुर्मीळ कोण म्हणेल? तरी रांग लागते, कारण सगळ्यांना तीच चार-पाच मॉडेलं हवी असतात आणि प्रत्येक दुकानाला ठरावीकच नग येतात. नग जास्त पाठवले तर उद्या कुठल्यातरी दुकानात ते पडून राहतील, दुकानदार गुपचूप सूट देईल, आणि एकदा सूट मिळालेलं गिऱ्हाईक पुन्हा पूर्ण भाव देत नाही. सगळी यंत्रणा या एका भीतीपोटी उभी आहे.

तुम्ही काय करायचं? लग्नाची तारीख स्पष्ट सांगा आणि त्याच ब्रँडचं कमी मागणीचं मॉडेल मागा, पुष्कळदा त्याच आठवड्यात मिळतं. नंबर लवकर लागावा म्हणून नको असलेलं काही घेऊ नका. त्याबदल्यात लेखी काहीच मिळत नाही. तुम्ही बँकेतले, तुम्हाला मी काय सांगायचं!

बर्बेरीने करोडोंचा नवा माल जाळला, असं सर कॉलेजात म्हणाले. खरं का? गरिबांना वाटला असता तर?
— एम.कॉम.ची विद्यार्थिनी, नाशिक

खरं आहे. मार्च २०१८ला संपलेल्या वर्षात या ब्रिटिश फॅशन कंपनीने २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला, हे तिच्याच अहवालात होतं. बोंब झाल्यावर सप्टेंबर २०१८मध्ये ही प्रथा बंद केल्याचं जाहीर केलं. फ्रान्समध्ये तर आता न खपलेले कपडे, चपला वगैरे नष्ट करायला कायद्यानेच बंदी आहे.

वाटला का नाही? बर्बेरीचे हात आधी पोळले होते. तिची ती तपकिरी चौकटीची नक्षी नव्वदच्या दशकात आणि पुढेही टोप्यांपासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत सगळीकडे दिसायला लागली होती. नाव वापरायचे परवाने जगभर वाटले होते. २००६पासून नव्या प्रमुख अँजेला अ‍ॅरेंड्ट्स यांनी ते एकेक करून परत घेतले. एवढी झाडलोट केलेल्या कंपनीला आपला कोट फुटपाथवर दिसायची धास्ती वाटणारच. जाळणं मला आजही किळसवाणं वाटतं, पण त्यामागचा हिशोब असा आहे.

परवाने परत न घेतल्याचं उदाहरण हवं असेल तर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जा. पिअर कार्दां हे पॅरिसच्या फॅशनमधलं एकेकाळचं फार मोठं नाव. त्यांनी शेकडो वस्तूंना आपलं नाव लावू दिलं. आपल्याकडे ते बारावीच्या निकालाला भेट द्यायच्या पेनावर आहे. पैसा त्यांनी भरपूर कमावला, ते बरोबरच. पण त्या नावासाठी कुणी रांग लावत नाही.

तीन पिढ्या आमचा कोल्हापुरीचा धंदा. आमची चप्पल हजार-पंधराशेला आणि प्रादाची ऐंशी हजारांच्या वर? चामडं तेच, हात तेच. मग फरक कसला? नुसती लूट आहे ही.
— चप्पल विक्रेते, कोल्हापूर

आधी घटनाक्रम, सगळ्यांसाठी. जून २०२५मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादाच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, कोल्हापूरचं नाव मात्र कुठे नव्हतं. आपल्याकडे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेने पत्र लिहिलं, आणि या चपलेची प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची असल्याचं कंपनीने कबूल केलं. डिसेंबरमध्ये करार जाहीर झाला: महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या सहकार्याने २,००० जोड इथे बनवायचे आणि साधारण ८०० युरोंना विकायचे.

आता फरक. “चामडं तेच, हात तेच” हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत, आणि किंमत चामड्यात नाही हे प्रादाला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. १९१३ साली मिलानमधल्या गॅलेरियात चामड्याच्या सामानाचं दुकान म्हणून सुरू झालेल्या या कंपनीचं नाव गाजलं ते १९८४च्या नायलॉनच्या पाठपिशवीने! साधं, काळं, जाड नायलॉन. ते चामड्याच्या भावाने विकायचं धाडस मिउच्या प्रादा यांनी केलं. दुसरा दाखला डिओर या फ्रेंच ब्रँडचा. २०२४ साली मिलानच्या कोर्टापुढे आलेल्या कागदपत्रांनुसार दुकानात २,६०० युरोंना असलेली बॅग बनवायचे ठेकेदाराला ५३ युरो मिळत होते, चामड्याचा खर्च वेगळा. तिथे माणसं कशा अवस्थेत राबत होती तेही बाहेर आलं आणि डिओरच्या त्या इटालियन उपकंपनीवर कोर्टाने काही काळ देखरेख बसवली. तेव्हा तुमच्या ‘लूट’ शब्दाला मी हरकत घेणार नाही.

पण तुमच्या गल्लीतलंही बोलू. त्याच कापशीला, म्हणजे कोल्हापुरीच्या एका प्रकाराला, एका दुकानात बाराशे, शेजारी नऊशे, आणि गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की सातशे. वर शेजारच्या खोक्यात रेक्झिनची, मशीनच्या तळाची चप्पल, तीही ‘कोल्हापुरी’च. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, चामड्याच्या वाधीने शिवलेला तळ, घरातल्या बायकांनी विणलेली वेणी, हे गिऱ्हाईकाला कळणार कसं? कोल्हापुरीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, चार जिल्हे आपले, चार कर्नाटकातले. पण प्रमाणपत्र भिंतीवर लावून नाव राखलं जात नाही.

शॅम्पेनवाल्यांनी काय केलं ऐका. ते नाव कुठल्या एका कंपनीचं नाही, फ्रान्सच्या त्या मुलखातल्या हजारो द्राक्षबागायतदारांचं आहे. १९९३ साली ईव्ह सॅं लोराँने ‘शॅम्पेन’ नावाचं अत्तर काढलं. अत्तर हो, दारूसुद्धा नाही! तरी हे लोक कोर्टात गेले, जिंकले, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला अत्तराचं नाव बदलावं लागलं. तुमच्या संघटनेची पुढची बैठक होईल तेव्हा प्रादाचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवा, आणि रेक्झिनला कोल्हापुरी म्हणून विकणाऱ्या आपल्याच सभासदाचं काय करायचं ते आधी ठरवा.

येवल्यात आमचे पैठणीचे माग आहेत, दुकानही आहे. मुलगा एमबीए होऊन आला. म्हणतो, “बाबा, आपण एर्मेससारखा ब्रँड करू.” आणि पहिली सूचना काय, तर ऑनलाइन दिवाळी सेल, चाळीस टक्के सूट! मला पटत नाही, पण मुद्देसूद सांगता येत नाही.
— पैठणी उत्पादक, येवला

दादा, तुमचं पोट बरोबर सांगतंय. मुलगाही निम्मा बरोबर आहे. एर्मेस म्हणाला ते चांगलंच, फक्त सेलचं खूळ त्याच्या डोक्यातून काढा. लुई व्हितॉन सेल लावतच नाही. दिवाळीत साठ हजारांना घेतलेली पैठणी पाडव्याला बाईच्या अंगावर दिसते, आणि ती गेल्या महिन्यात तशाच पैठणीला एक लाख मोजलेल्या तिच्या जावेलाही दिसते. ती जाऊ पुन्हा तुमच्या दुकानात येत नाही, आणि बारशाला-हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगते ते वेगळंच.

माल अडकला असेल तर भाव पाडण्याऐवजी काम वाढवून द्या. फॉल-पिको, ब्लाउजची शिलाई, आणि मुख्य म्हणजे दुरुस्ती. एर्मेस आपल्या जुन्या बॅगा दुरुस्त करून देते, त्यासाठी तिने वेगळे कारागीर ठेवलेत. तुमच्याकडून नेलेल्या पैठणीची जरीची तार सुटली, काठ उसवला, तर वीस वर्षांनीही तुम्हीच नीट करून द्याल, एवढं पावतीवर छापा. मी सासूबाईंची पैठणी घेऊन मुंबईत वणवण फिरलेय. रफूवाले मिळतात, पैठणीचा काठ कळणारे मिळत नाहीत.

दुसरं, सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावरची पैठणीसारखी साडी. तुमच्या पत्राच्या खाली छापलेली जाहिरात वाचली: ‘हातमाग पैठणी, सेमी पैठणी, फॅन्सी साड्या’. एकाच पाटीवर! गिऱ्हाईक आधी सेमी बघतं, तिचा भाव डोक्यात पक्का करतं आणि मग अस्सल मालाकडे वळून डोळे मोठे करतं. सेमी विका, संसार चालायला हवा, पण वेगळ्या नावाने आणि वेगळ्या गाळ्यात. घड्याळांच्या ट्रेवर आम्ही एका वेळी तीनच्या वर नग ठेवायचो नाही, किमतीची चिठ्ठी आत वळवलेली. चौथं मागितलं तर पहिल्या तीनातलं एक आत ठेवून मग चौथं काढायचं. तुम्ही गादीवर पन्नास साड्यांचा ढीग पाडता आणि मग एकीकडेही कुणाचं धड लक्ष जात नाही.

तीनच काढा. पहिली काढल्यावर भाव सांगायच्या आधी पदर उलटा करून बाईच्या हातात द्या. मागून मुनियाचा पोपट तसाच, असावलीची फुलवेल तशीच, एकही धागा लोंबत नाही. एकेका रंगाच्या धाग्याची तिल्ली (छोटी कांडी) हाताने फिरवून विणलंय म्हणून हे जमतं. मग सेमीचा पदर उलटा करून शेजारी ठेवा, मागचे कापलेले धागे तिच्या बोटांना लागू द्या. यापेक्षा चांगली जाहिरात कुठली एजन्सी करून देणार नाही. मुलाला व्हिडिओ काढायचाय ना, हाच काढू दे.

राजेरजवाड्यांचं नाव हे लोक कसं वापरतात तेही बघा. बडोद्याच्या महाराजांसाठी लुई व्हितॉनने १९२६ साली चहाच्या सरंजामाची पेटी बनवली, ती त्यांच्या इतिहासात मानाने येते. पटियाळाच्या महाराजांसाठी १९२८ साली केलेल्या हाराची गोष्ट कार्तिए अजून सांगते. पैठणी तर पेशव्यांच्या आणि निजामाच्या घरात होती. तुमच्या दुकानात त्याचा मागमूस आहे का? आजोबांचा जुना माग माळ्यावर पडला असेल तर खाली आणा. खोटी वंशावळ मात्र रचू नका, ती पकडली जाते.

विणकराचं राहिलंच. एर्मेसच्या बॅगेवर आत बारीक ठसा असतो, त्यावरून ती कुठल्या साली आणि कुणी बनवली ते कंपनीला कळतं. तुम्ही विणकराचं नाव साडीच्या चिठ्ठीवर घाला आणि भाव वाढवाल त्याच दिवशी मजुरीही वाढवा. नुसता भाव वाढवून काय होतं ते शनेलकडे दिसलं: मधल्या आकाराची तिची प्रसिद्ध बॅग २०१९मध्ये अमेरिकेत ५,८०० डॉलरला होती, २०२३पर्यंत १०,०००च्या वर गेली. बायका टाके मोजायला लागल्या, की बॅगेत असं नवीन काय आलं? २०२४ साली कंपनीची विक्री आणि नफा दोन्ही घसरले. विणकराच्या पोराने पॉवरलूम धरला, तर तुमच्याकडे भाव लावायला मालच उरणार नाही.

आणि हे सगळं सावकाशीचं काम आहे. २०१० साली लुई व्हितॉनची मालक कंपनी एलव्हीएमएचच्या बर्नार आर्नो यांनी एर्मेसचे शेअर गुपचूप जमवल्याचं उघड झालं. पुढे त्यांचा वाटा २३ टक्क्यांपर्यंत पोचला. पण त्याआधीच एर्मेसच्या पन्नासहून जास्त वारसांनी आपापले शेअर एका सामाईक कंपनीत कोंडून घातले, बहुमत घरात ठेवलं. विकले असते तर एकेकाच्या सात पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. चुलतभावंडं एवढी एकत्र राहिली, याचं मला त्यांच्या बॅगांपेक्षा जास्त कौतुक आहे. मुलाने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा विषय काढला, तर ही गोष्ट सांगा. गुंतवणूकदाराला तीन वर्षांत दुप्पट हवं असतं आणि तेव्हा पहिला सेल लागतो.

माझ्या भिशीतल्या सगळ्या जणी लुई व्हितॉनची फर्स्ट कॉपी वापरतात. मी खरी घेतली, तर माझीच खोटी म्हणतात!
— गृहिणी, वाशी

त्या बॅगेवरची एल-व्हीची फुलाफुलांची नक्षी १८९६ साली झॉर्झ व्हितॉन यांनी काढली, ती नक्कल थांबावी म्हणून. तेव्हापासून तिच्याइतकी नक्कल क्वचितच कशाची झाली असेल. भिशीला कापडी पिशवी न्या. खरी बॅग प्रवासात वापरा, ती मुळात त्याचसाठी आहे.

ताई, बी.कॉम. झालोय. मुंबईत अशा मोठ्या शोरूममध्ये नोकरी मिळेल का? इंग्रजी कच्चं आहे, घरची परिस्थिती साधी.
— जळगाव

मिळेल. इंग्रजी सहा महिन्यांत सुधारतं, हात सुधारायला वेळ लागतो. वस्तू दोन्ही हातांनी उचलायची, काचेवर ठेवताना आवाज होऊ द्यायचा नाही, गिऱ्हाईक विचारात पडलं की आपण गप्प बसायचं. हे तिसरं सगळ्यात अवघड. सुरुवातीला चांगल्या चष्म्याच्या किंवा सोन्याच्या दुकानात वर्षभर काढ, तिथून पुढे घेतात. आणि चपलेवरून गिऱ्हाईक जोखू नकोस. आमच्याकडची मोठमोठी बिलं फाडणाऱ्यांत स्लीपर घालून आलेले कमी नव्हते.

मुलाखतीत पगाराचं विचारायला लाजू नकोस. मूळ पगार किती, इन्सेंटिव्ह महिन्याला की तिमाहीला, आणि दिवसभर उभं राहायचं असल्याने बुटांचे पैसे कंपनी देते का, हे रुजू व्हायच्या आधी ईमेलवर घे.